इंदूरहून पहिला कंटेनर: नमकीनची निर्यात दुसऱ्या टोकापासून कशी सुरू करावी

सांवेर रोडला किंवा पालद्याला ज्याचा नमकीनचा छोटा कारखाना आहे, तो माणूस निर्यातीचा विचार करू लागला की पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो: "लायसन कुठून काढायचं?" मी बरीच वर्षं इंदूरच्या अशा लहान कारखान्यांची निर्यातीची कागदपत्रं करतो आहे. लायसनपायी कुणाचा माल अडकलेला मी अजून पाहिला नाही. माल अडकतो तो दुसऱ्या टोकाला. पाकिटावर एक ओळ कमी छापलेली असते, शेंगदाण्यात बुरशीचं विष सापडतं, भाव काढताना एक खर्च धरायचा राहून जातो. तोवर पैसे गुंतलेले असतात आणि माल समुद्रापार असतो. तिथून तो परत आणणं बहुतेक वेळा मालाच्या किमतीपेक्षा महाग पडतं.

म्हणून मी सांगतो ती पद्धत उलटी आहे. परदेशातल्या दुकानाच्या फळीवर आपलं पाकीट ठेवलेलं आहे असं समजायचं आणि तिथून एकेक पायरी मागे येत आपल्या कढईपर्यंत पोचायचं. उदाहरण शेवेचं घेतो, कारण इंदुरात ते सगळ्यांना कळतं. मसाले, औषधं, यंत्रांचे सुटे भाग किंवा आपली चामड्याची खेळणी असली, तरी क्रम हाच.

एक माल, एक देश

पहिल्या खेपेला बारा प्रकारचं नमकीन पाठवू नका. प्रत्येक प्रकाराचं वेगळं लेबल, वेगळी तपासणी, वेगळी टिकण्याची मुदत. एक किंवा दोन प्रकार घ्या, तेही तुमच्या कारखान्यात महिनोन् महिने एकाच चवीचे निघतात असे.

मग मालाचा एचएस कोड ठरवा. जगभरच्या कस्टममध्ये मालाला या आकड्यानं ओळखतात. पहिले सहा अंक सगळ्या देशांत सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले लावतो. शेव, भुजिया, मिक्श्चर हे आपल्याकडे २१०६ ९० मध्ये येतात, पापड १९०५ मध्ये. कोड चुकला की पुढचं सगळं चुकतं: तिकडचं शुल्क, इकडचा परतावा, लागू होणारे नियमसुद्धा. पहिल्यांदा कोड ठरवताना कस्टम ब्रोकरला (कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटला) पदार्थाची पूर्ण कृती सांगा. नुसतं नाव सांगून भागत नाही.

कोड हाती आला की देश निवडायचा. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचं 'ट्रेड मॅप' हे संकेतस्थळ आहे. कोणता देश कोणत्या कोडचा माल कुणाकडून किती घेतो, ते तिथे दिसतं. एक संध्याकाळ त्यात घाला. न्यू जर्सीत आपला मावसभाऊ राहतो, हे अमेरिका निवडायला पुरेसं कारण नाही.

कराराचाही विचार करा. संयुक्त अरब अमिरातीशी भारताचा करार १ मे २०२२ पासून लागू आहे, ऑस्ट्रेलियाशी २९ डिसेंबर २०२२ पासून. अशा देशात ठरलेल्या मालाला शुल्क कमी लागतं किंवा लागतच नाही, पण त्यासाठी माल भारतातच तयार झाल्याचा दाखला लागतो. इथे आपल्या लोकांचा पाय घसरतो. शेव इंदुरात तळली खरी, पण पामतेल बाहेरच्या देशातून आलेलं असतं, कधी कधी चणासुद्धा. करारात 'मूळ देश' ठरवण्याच्या अटी असतात, किती मूल्य भारतात वाढलं हे मोजतात. कच्च्या मालाची बिलं आधीच तपासा आणि दाखला मिळणार की नाही हे कळल्यावरच ग्राहकाला शुल्कमाफीचा शब्द द्या.

सगळी भिस्त एका देशावर मात्र ठेवू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा फक्त तिकडेच विकणाऱ्यांचे हाल मी जवळून पाहिले. पहिला देश नीट बसला की दुसऱ्याची तयारी सुरू करायची.

तिकडचा कायदा आधी वाचा, पाकीट नंतर छापा

या पायरीवर वेळ घालवा. लागला महिना तर लागू द्या.

अमेरिकेला खाद्यपदार्थ पाठवायचा तर तुमच्या कारखान्याची तिथल्या एफडीएकडे (अन्न आणि औषध प्रशासनाकडे) नोंदणी लागते. तिथे राहणारा एक प्रतिनिधी नेमावा लागतो आणि दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. माल पोचण्याआधी त्याची आगाऊ सूचना द्यावी लागते. शिवाय २०११ च्या तिथल्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे आयातदारावरच तुमची पारख करायची जबाबदारी आहे, म्हणून तो तुमच्याकडे कारखान्याच्या स्वच्छतेच्या नोंदी, पाण्याच्या तपासण्या, तेल बदलल्याच्या तारखा मागेल. तो संशय घेतोय असं समजू नका. तो मागतो ते त्याच्या देशाच्या कायद्यापायी.

तेलाची नोंद आपल्याकडेही सक्तीचीच आहे. तळणाच्या तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड' (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा एफएसएसएआयचा (आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ज्याच्याकडे ही वही रोज भरलेली असते, त्याचं निर्यातीचं निम्मं काम झालेलं असतं.

आता ॲलर्जीकडे वळू. अमेरिकेत नऊ पदार्थ लेबलवर स्पष्ट सांगावे लागतात: दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, झाडावरचे कठीण कवचाचे मेवे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि १ जानेवारी २०२३ पासून तीळ. युरोपात ही यादी चौदा पदार्थांची आहे. आपण म्हणतो, शेव तर बेसनाची, तिच्यात गहू कुठला? हिंगाची डबी उलटी करून वाचा. बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा असतो. म्हणजे बेसनाच्या शेवेतही गहू आला आणि लेबलवर तो लिहायलाच हवा. ज्या यंत्रावर सकाळी शेंगदाण्याची भुजिया काढली त्यावरच दुपारी शेव काढली, तर शेंगदाण्याचा अंशही त्यात उतरतो. अशा एका चुकीपायी अख्खी खेप बाजारातून परत बोलावलेली मी पाहिली आहे आणि कारखानदाराला शेवटपर्यंत खरं वाटत नव्हतं की कारण चिमूटभर हिंग होतं.

मसाला विकत घेताना त्यातले घटक पुरवठादाराकडून लिहून घ्या, तोंडी नको.

युरोपचं गणित याहून कडक. थेट खायच्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा बी-१ प्रकार किलोमागे २ मायक्रोग्रॅम आणि एकूण अफ्लाटॉक्सिन ४ मायक्रोग्रॅम, यापुढे गेलं तर माल नाकारतात. शेंगदाणा ओलसर गोदामात राहिला की बुरशी धरते आणि तळल्यानं हे विष पुरतं जात नाही. २०२० मध्ये भारतातून गेलेल्या तिळात एथिलीन ऑक्साइड हे जंतू मारायचं रसायन सापडलं आणि युरोपभर शेकडो पदार्थ दुकानांतून काढले गेले, ज्यांत तो तीळ चिमूटभरच होता तेसुद्धा. तुमच्या मिक्श्चरमध्ये तीळ असेल तर तिळाच्या प्रत्येक पोत्याचा तपासणी अहवाल हवा. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेत शेंगदाणा आणि तीळ असलेला माल युरोपला नकोच. साधी शेव पाठवा, तिथे पाय रोवा, मग बघा.

आखातात लेबल अरबी भाषेतही लागतं आणि तयार झाल्याची व मुदत संपण्याची तारीख पाकिटावरच छापलेली हवी, वरून चिकटवलेली चालत नाही. तिकडच्या मजकुराचं भाषांतर ग्राहकाकडूनच करून घ्या आणि त्याची लेखी मान्यता मिळाल्याशिवाय छपाईला देऊ नका. दहा हजार पाकिटं छापून झाल्यावर एक शब्द चुकलेला आढळणं ही फार दुःखाची गोष्ट असते.

आणि रंग. तिखट शेवेला लाली यावी म्हणून घातलेला रंग त्या देशात चालतो का, किती चालतो आणि कोणत्या नावानं लिहायचा, हे एकेक करून तपासा. रंगाशिवाय जमत असेल तर सोडूनच द्या.

भाव मागून पुढे नाही, पुढून मागे

आपल्याकडे भाव काढायची रीत म्हणजे पडता भाव अधिक नफा. निर्यातीत असं केलं तर तुमचा भाव कागदावर बरोबर असतो आणि तिकडच्या दुकानात कुणी पाकिटाला हात लावत नाही.

खालचे आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा, तिकडच्या किराणा दुकानात २०० ग्रॅमचं शेवेचं पाकीट १.९९ डॉलरला विकलं जातं. त्यातलं एक तृतीयांश दुकानदार ठेवतो, राहिले १.३३. आयातदार-वितरक पाव हिस्सा घेतो, राहिला १ डॉलर. समुद्राचं भाडं, तिकडचं शुल्क आणि बंदराचा खर्च मिळून २५ सेंट. म्हणजे आपल्या बंदरावर तुम्हाला पाकिटामागे ७५ सेंट मिळणार. एका खोक्यात २० पाकिटं धरली तर १५ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर १२७५ रुपये.

आता आपल्या बाजूचा खर्च. खोक्यातली ४ किलो शेव पाकिटासकट ९०० रुपये. निर्यातीचं मजबूत खोकं आणि लेबल ६० रुपये. इंदूरहून बंदरापर्यंत कंटेनरचं भाडं ४५ हजार धरलं आणि कंटेनरमध्ये ७७० च्या आसपास खोकी बसली तर खोक्यामागे ५८ रुपये. कस्टम ब्रोकर, टर्मिनल, कागदपत्रं यांचे ४० हजार, म्हणजे खोक्यामागे ५२. बँक, विमा, तपासणीचे ४०. बेरीज १११०. हाती राहिले १६५ रुपये, साधारण १३ टक्के. यात चालेल की नाही, हा निर्णय तुमचा. पण आता तो डोळे उघडे ठेवून घेता येतो. चालत नसेल तर कढईपाशी या आणि विचारा: पाकीट १८० ग्रॅमचं केलं तर? खोकं बदललं तर?

खोक्याचं सांगतो, कारण नमकीनच्या निर्यातीत ते फार महत्त्वाचं आहे आणि कुणी बोलत नाही. नमकीन हलकं. कंटेनर वजनानं कधीच भरत नाही, जागेनं भरतो. वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर, प्रत्यक्षात खोकी रचून २८ घनमीटर धरावी. ४० × ३० × ३० सेंटिमीटरचं खोकं ०.०३६ घनमीटरचं, म्हणजे ७७७ खोकी. तेच खोकं ३८ × २८ × २८ केलं तर ९३९. तेवढ्याच भाड्यात १६२ खोकी जास्त! पाकिटात नायट्रोजन भरताना ते किती फुगवायचं, हे आपण दुकानातल्या दिसण्यावरून ठरवतो. निर्यातीत त्या हवेचं भाडं डॉलरमध्ये भरावं लागतं. शेव मोडणार नाही इतपतच हवा ठेवा आणि पाकिटं खोक्यात उभी लावून, आडवी लावून, दोन्ही तऱ्हांनी मोजून बघा.

सरकारकडून मिळणारे कर-शुल्कांचे परतावे (ड्युटी ड्रॉबॅक, आणि १ जानेवारी २०२१ पासूनचा रोडटेप) मी भावात कधी धरू देत नाही. दर बदलतात, योजना बदलतात. ते पैसे आले की वेगळे ठेवा. पहिल्या वर्षी काही ना काही चुकतंच, तेव्हा तेच उपयोगी पडतात.

इकडची कागदपत्रं

ही यादी झरझर सांगतो, कारण सगळं ऑनलाइन आहे आणि अवघड नाही. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो आणि तुमचा पॅन हाच तो क्रमांक असतो. दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये तिथे माहिती अद्ययावत करायची, काही बदल नसला तरी. विसरलात तर कोड बंद पडतो आणि ते नेमकं माल निघायच्या दिवशी कळतं. खाद्यपदार्थांसाठी अपेडा या शेतमाल-खाद्यपदार्थांच्या निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, म्हणजे आरसीएमसी हा दाखला. मसाले असतील तर मसाला मंडळाकडे जा. एफएसएसएआयचा परवाना तुमच्याकडे असेलच, त्यावर हा पदार्थ नोंदलेला आहे ना, एवढं पाहा. बँकेकडून १४ अंकी एडी कोड (परकीय चलनाचं काम करणाऱ्या शाखेचा क्रमांक) घेऊन ज्या बंदरातून माल जाणार तिथे आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर नोंदवा.

जीएसटीचं थोडं सविस्तर. निर्यातीवर कर शून्य आहे. त्यासाठी दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी हे हमीपत्र भरायचं (फॉर्म आरएफडी-११), म्हणजे कर न भरता माल पाठवता येतो. दुसरा मार्ग आयजीएसटी भरून परतावा घेण्याचा. लहान कारखान्याचे पैसे त्यात अडकतात, म्हणून मी एलयूटीच सुचवतो. बिल केल्यापासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर जायला हवा, हे लक्षात असू द्या.

ज्यांचा कारखाना नाही, घरचंच काम आहे, त्यांनी कंटेनरचं नाव काढून घाबरू नये. रामबागेतल्या एक काकू भाजणी आणि चिवडा करतात. त्यांना मी टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्राची वाट दाखवली. छोटी पार्सलं तिथून रीतसर निर्यात म्हणून जातात, कस्टमची कागदपत्रंही टपालातूनच होतात. लेबलचे आणि ॲलर्जीचे नियम मात्र त्यांनाही तेच.

ग्राहक शोधणं आणि त्याची पारख

दुबईचं गल्फूड हे खाद्यपदार्थांचं प्रदर्शन दर वर्षी भरतं. जर्मनीत कोलोनचं अनुगा विषम वर्षी आणि पॅरिसचं सियाल सम वर्षी. अपेडा अशा ठिकाणी भारतीय दालन लावते. पहिल्या वर्षी स्टॉल घेऊ नका, नुसतं पाहायला जा. आपल्या मालाचं पाकीट कुणाच्या हातात आहे, कितीला विकतात, काय छापलंय, हे बघून या.

या प्रदर्शनांत मला श्रीमंत देशांची एक गोष्ट दरवेळी दिसते. इटलीत मोदेनाजवळ सास्सुओलो नावाचं गाव आहे. सिरॅमिक फरश्यांसाठी ते जगभर ओळखलं जातं. एकमेकांशेजारी कारखाने, त्यांची यंत्रं बनवणारेही तिथलेच, रंगांचे जाणकारही तिथलेच. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करतात, पण जगाला गावाचं नाव एक म्हणून माहीत असतं. संपन्न देशाची निर्यात वाढते ती अशा गावांमुळे. भारताची मालाची निर्यात २०२४-२५ मध्ये ४३७ अब्ज डॉलरच्या आसपास होती. तिच्यात भर पडायची तर इंदूरसारख्या शहरांतूनच पडणार आहे. आपल्याकडे तर रतलामी शेवेला भौगोलिक मानांकनही आहे. तरीही तपासणीची प्रयोगशाळा, लेबलचा जाणकार, अर्धा अर्धा कंटेनर यांसाठी तीन शेजारी कारखाने एकत्र बसत नाहीत, याची मला खरोखर खंत वाटते. तीन जणांनी मिळून एक कंटेनर भरला तर भाडं तिघांचंही वाचतं आणि चवीचं गुपित कुणाचं कुणाला कळत नाही. करून बघा.

ग्राहक सापडला की त्याची चौकशी. ईसीजीसी ही १९५७ पासूनची सरकारी कंपनी निर्यातदाराचे पैसे बुडण्याचा विमा उतरवते. ती त्या ग्राहकावर विम्याची मर्यादा देते की नाकारते, यावरूनच पुष्कळ कळतं. एक सावधगिरी: पैसे पाठवण्याच्या आदल्या दिवशी "आमचं बँक खातं बदललं आहे" असा ईमेल तुमच्या नावानं ग्राहकाला जाऊ शकतो. ग्राहकाला सुरुवातीलाच सांगून ठेवा की आमचं खातं बदललं तर आम्ही फोनवर बोलू, नुसत्या ईमेलवर विश्वास ठेवू नका.

सौद्याचे शब्द

कोण कुठपर्यंतचा खर्च आणि जोखीम घेणार, हे इन्कोटर्म्स या जगभर चालणाऱ्या सौद्याच्या अटींनी ठरतं. सध्या २०२० ची आवृत्ती चालते, तिच्यात अकरा अटी आहेत. आपल्याकडे सगळे एफओबी म्हणतात, सवयीनं. पण एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची आणि कंटेनर तर तुम्ही त्याच्या कितीतरी आधी टर्मिनलच्या ताब्यात देता. मधल्या दिवसांत काही झालं तर तुमच्या हातात काहीच नसतं. म्हणून कंटेनरच्या मालाला एफसीए (माल ठरलेल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तुमची जोखीम संपते) ही अट योग्य आणि इंदूरसाठी तर फारच सोयीची.

आपल्यापासून न्हावा शेवा सुमारे ६०० किलोमीटर. हे अंतर इंदूरचं जुनंच दुखणं आहे. माळव्याची अफू एकेकाळी मुंबईमार्गे चीनला जात असे. पुढे १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, कारण खंडव्याला मुंबईची रेल्वे होती आणि इंदूर तिथून तुटलेलं होतं. आज पीथमपूरच्या बाजूला टिही आणि धन्नडला कंटेनर डेपो आहेत. कस्टमची तपासणी तिथेच होते आणि सीलबंद कंटेनर पुढे बंदराला जातो. सौदा 'एफसीए, डेपो' असा केलात तर तुमची जोखीम घरापासून तासाभराच्या अंतरावर संपते. ग्राहक तयार नसला तरी एकदा मागून बघा.

पैशांचं. पहिल्या खेपेला ३० टक्के आगाऊ आणि उरलेले बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीनं दिलेल्या मालाच्या पावतीची) प्रत दाखवल्यावर, मूळ कागद पैसे आल्यावरच, ही रीत लहान रकमेसाठी बरी. मोठी रक्कम असेल तर एलसी, म्हणजे ग्राहकाच्या बँकेनं दिलेली पैशांची हमी. एलसीत बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. एलसीच्या जगभर लागू असलेल्या यूसीपी ६०० या नियमावलीचा तो पायाच आहे. माझ्या सुरुवातीच्या एका कामात एलसीवर मालाचं वर्णन एका क्रमानं होतं, मी बिलात शब्दांची अदलाबदल केली. माल उत्तम, वेळेवर पोचलेला, आणि बँकेनं कागद परत केले. त्या दिवसापासून एलसीतला मजकूर मी हातानं टाइप करत नाही, जसाच्या तसा उतरवतो, त्यातल्या चुकीसकट. माल चढल्यापासून २१ दिवसांच्या आत कागद बँकेत गेले पाहिजेत आणि एलसीत त्याहून कमी दिवस लिहिले असतील तर तेच खरे.

एलसीचा मसुदा ग्राहकानं उघडण्याआधी मागवून घ्या. तुम्हाला पाळता येणार नाही अशी अट त्याच वेळी काढायला सांगता येते.

माल भरण्याचा दिवस

टिकण्याची मुदत मोजा. शेव सहा महिने टिकते असं धरलं तर बंदरापर्यंतचे दिवस, जहाजाचे दिवस, तिकडच्या कस्टमचे दिवस वजा करा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. तेव्हा ज्यांनी मुदत ताणून मोजली होती त्यांचा माल दुकानात पोचला तेव्हा विकायला वेळच उरला नव्हता. म्हणून निर्यातीचा माल ताजा काढायचा. गोदामातला शिल्लक माल कंटेनरमध्ये कधीही घालू नका.

रिकामा कंटेनर आला की आत शिरा, दार बंद करून घ्या आणि उजेड कुठून येतो का ते पाहा. वास घ्या. आधी त्यात रसायन गेलं असेल तर शेव तो वास धरते. तळ ओला नको. समुद्रावर दिवसा तापतं, रात्री गार होतं आणि छतावरून पाण्याचे थेंब पडतात, म्हणून ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा आणि वरच्या थरावर जाड कागद पसरा. लाकडी पॅलेट असतील तर त्यांवर आयएसपीएम-१५ चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का हवा, नाहीतर बऱ्याच देशांत लाकडापायी माल अडकतो. भरताना दर थराचा फोटो काढा. शेवटी दाराचा, सीलच्या क्रमांकासकट. भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन (व्हीजीएम) १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे, ते न देता कंटेनर जहाजावर चढत नाही.

प्रत्येक बॅचची पाच पाकिटं कारखान्यात ठेवून द्या, मुदत संपून दोन महिने होईपर्यंत. तक्रार आली तर बोलायला हाताशी तेवढंच असतं.

जहाज सुटल्यानंतर

कस्टम ब्रोकर शिपिंग बिल (कस्टमकडे करायचा निर्यातीचा अर्ज) भरतो, माल जाऊ द्यायचा कस्टमचा 'लेट एक्सपोर्ट' आदेश निघतो, जहाज कंपनी आपली मालाची यादी (ईजीएम) कस्टमला देते. या यादीत तुमचा कंटेनर नीट नोंदला गेला नाही तर परतावे अडकतात आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. जहाज सुटल्यावर आठवड्यानं आइसगेटवर स्वतः पाहा.

पैसे आले की बँकेला ते कोणत्या शिपिंग बिलाचे हे सांगायचं आणि डीजीएफटीच्या पोर्टलवर ई-बीआरसी (पैसे आल्याचा दाखला) काढायची. हे जोडकाम राहिलं तर रिझर्व्ह बँकेच्या नोंदीत तुमची निर्यात 'पैसे न आलेली' म्हणून दिसत राहते. पैसे आणायची मुदत बरीच वर्षं नऊ महिन्यांची होती, पण ती वेळोवेळी बदललेली आहे. चालू मुदत बँकेकडून लेखी घ्या.

खेप पोचली की ग्राहकाला दोन गोष्टी मागा: कंटेनर उघडतानाचा फोटो आणि खालच्या थरातल्या एका खोक्याचा फोटो. खोकं दबलं असेल तर पुढच्या खेपेला पुठ्ठा एक थर वाढवावा लागेल, म्हणजे माप बदलेल, म्हणजे कंटेनरमध्ये खोकी कमी बसतील, म्हणजे भाव पुन्हा काढावा लागेल. दुसऱ्या ऑर्डरचा भाव तो फोटो आल्याशिवाय देऊ नका.